पुरून उरलेली वेल : कोलारेसच्या वाळूतील द्राक्षबागांचा इतिहास

१/
पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यालगत, लिस्बनच्या वायव्येस, कोलारेस नावाचे एक गाव आहे. तेथील सहकारी तळघरातून एक पांढरी वाइन बाहेर पडते. ती ‘ड्राय’ आहे, म्हणजे द्राक्षांतील जवळजवळ सगळी साखर आंबवणीत संपलेली आहे. बाटली नेहमीपेक्षा लहान, अर्ध्या लिटरची असते. तिच्यावर नाव असते ‘आरेने’. लॅटिनमध्ये ‘आरेना’ म्हणजे वाळू.

हे नाव केवळ शोभेसाठी ठेवलेले नाही. या वाइनच्या वेली समुद्रकाठच्या वाळूत खोल पुरलेल्या आहेत आणि एकोणिसाव्या शतकात त्या वाचल्या त्या वाळूमुळेच. युरोपातील बहुतेक द्राक्षबागा एका किडीने उद्ध्वस्त केल्या, तेव्हा या बागा उभ्या राहिल्या. पुढे मात्र, कीड नसतानाही, त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. असे का घडले, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रथम स्थळ. कोलारेस सिंत्रा नगरपालिकेच्या हद्दीत येते. युरोपच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेकडील टोक, काबो दा रोका, येथून जवळच आहे.

सिंत्रा हे नाव आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. दीवचा वेढा उठवणारा आणि १५४८ मध्ये गोव्यात मरण पावलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय जुवांव द कास्त्रू याची ‘पेन्या व्हेर्दे’ ही बाग सिंत्रा येथेच. सोमनाथ पट्टणचा, वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातील इ.स. १२८७ चा संस्कृत शिलालेख याच बागेत आढळला. अभ्यासक त्याला आजही ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात. साम्राज्यातून आलेल्या वस्तू आणि पैसा ज्या डोंगरउतारांवर विसावला, त्यांच्याच पायथ्याशी या द्राक्षबागा आहेत.

३/
आता जमीन. कोलारेसचे शेतकरी आपल्या जमिनीचे दोन प्रकार सांगतात. ‘शांव द आरेया’ म्हणजे वाळूची जमीन आणि ‘शांव रिजू’ म्हणजे कठीण जमीन.

वाळूच्या जमिनीत वर वाऱ्याने आणून टाकलेला वाळूचा थर असतो आणि त्याखाली चिकणमाती. वाळूचा थर कोठे मीटरभर असतो, तर कोठे कित्येक मीटर. वाळूत ना ओल टिकते, ना पोषण. वेलीला जगायचे तर तिची मुळे खालच्या चिकणमातीपर्यंत पोहोचलीच पाहिजेत. कोलारेसच्या शेतीतील सारे कष्ट आणि पुढे तिच्यावर आलेले संकट, दोहोंचे मूळ या साध्या भूरचनेत आहे.

४/
बाग लावण्याची पद्धत अशी. वाळूतून थेट चिकणमातीपर्यंत खोल चर खणायचा. तळाशी वेलीची काडी मातीत रोवायची. वेल जसजशी वाढेल, तसतसा चर पुन्हा वाळूने भरत आणायचा. वेलीचा मोठा भाग अशा रीतीने कायमचा जमिनीखाली राहतो.

चर खणताना कडा ढासळून माणूस गाडला जाण्याचे भय असे. म्हणून तळाशी उतरणारा मजूर डोक्यावर टोपली पालथी घालून काम करी. वाळू अंगावर आलीच, तर टोपलीखाली श्वासापुरती हवा राहावी आणि तेवढ्या वेळात सोबत्यांनी त्याला उकरून काढावे, हा त्यामागचा हेतू. वाइनवरील ग्रंथांत हे वर्णन हमखास येते, पण बहुधा एक गंमतीदार तपशील म्हणून. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने ती टोपली म्हणजे या वाइनच्या उत्पादनखर्चाची पहिली नोंद आहे.

५/
जमिनीच्या वरही परिस्थिती सोपी नव्हती. अटलांटिकवरून सतत खारा वारा येतो. त्याला अडवण्यासाठी बागेत वाळलेल्या बोरूचे कूड उभे केले जातात, कोठे दगडी गडगे घातले जातात. अशा आडोशांनी किनाऱ्यालगतची जमीन लहान लहान चौकोनांत विभागली गेली.

वेलींना मांडव नाही. त्या वाळूवर लोळत वाढतात, कारण जितके उंच जावे तितका वारा अधिक. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या वाळूने घड भाजू नयेत म्हणून फांद्यांखाली बोरूचे छोटे टेकू देऊन घड वीतभर उचलावे लागतात. हे काम प्रत्येक वेलीपाशी वाकून, हातानेच करावे लागते. अधूनमधून सफरचंदाची झाडेही असतात. नांगराला किंवा यंत्राला अशा बागेत फारसा वाव नाही.

६/
या वाळूत प्रामुख्याने दोन जाती लावल्या जातात. काळ्या द्राक्षांची रामिश्कू आणि पांढऱ्या द्राक्षांची मालव्हाझिया द कोलारेस.

‘मालव्हाझिया’ या नावाने गोंधळ होऊ शकतो. ग्रीसमधील मोनेमव्हासिया या बंदरावरून हे नाव मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळले आणि पुढे भूमध्य समुद्राभोवतीच्या अनेक भिन्न द्राक्षजातींना चिकटले. मदेइरा बेटावरील गोड मालव्हाझियाशी कोलारेसच्या या ड्राय वाइनचे साम्य केवळ नावापुरते. कोलारेसची जात स्वतंत्र आहे.

७/
कीर्ती प्रथम मिळाली ती तांबड्या रामिश्कूला. ही द्राक्षे लहान आणि जाड सालीची. त्यांची वाइन तरुणपणी इतकी तुरट असते की ती अनेक वर्षे मुरल्यावाचून पिऊ नये असा संकेत आहे.

पांढरी मालव्हाझिया तुलनेने उपेक्षित राहिली. आज मात्र रसिकांचे लक्ष तिच्याकडे वळलेले दिसते. आंबटपणा धारदार, मद्यार्क बेताचा आणि तिच्या वर्णनात एक शब्द हटकून येतो : ‘खारट’. समुद्राच्या इतक्या निकट, खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या फळाबद्दल असे म्हटले जावे, यात नवल नाही.

८/
या परिसरातील द्राक्षशेती मध्ययुगापर्यंत मागे नेता येते. तेराव्या शतकात राजा अफोन्सू तिसरा याने येथील राजजमीन देताना वेली लावण्याची अट घातली, अशी परंपरा सांगितली जाते.

परंतु पुढची कित्येक शतके कोलारेस ही इतर अनेक वाइन्सपैकी एक होती. पोर्तुगालची जागतिक ओळख होती ती दोरू खोऱ्यातील पोर्ट वाइनची आणि मदेइराची. वाळूत एवढा खोल खड्डा खणण्याचे कष्ट का घ्यावेत, या प्रश्नाला तोपर्यंत स्थानिक सवय आणि जमिनीची टंचाई याहून मोठे उत्तर नव्हते. ते उत्तर समुद्रापलीकडून आले, एका आपत्तीच्या रूपाने.

९/
ही आपत्ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८४५ मध्ये इंग्लंडमधील काचगृहांतल्या द्राक्षवेलींवर एक पांढुरकी बुरशी आढळली. आपले द्राक्ष बागायतदार जिला ‘भुरी’ म्हणतात, तीच ही. १८५० च्या दशकात ती फ्रान्स, इटली, पोर्तुगाल, सर्वत्र पसरली. गंधकाची भुकटी मारून तिला आवरता येते, हे लवकरच ध्यानात आले.

त्याच वेळी आणखी एक निरीक्षण पुढे आले. उत्तर अमेरिकेतील रानवेलींना भुरीचा फारसा त्रास होत नव्हता. म्हणून हौशी बागाईतदार आणि रोपवाटिकावाले अमेरिकेहून वेली मागवू लागले. एका रोगावरील उपाय शोधताना त्याहून भयंकर रोग घरात येण्याची वाट अशी मोकळी झाली.

१०/
अमेरिकन वेलींच्या मुळांवर जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, मावा वर्गातील एक पिवळसर कीड राहत असे. तिचे नाव फायलॉक्सेरा. अमेरिकन वेली आणि ही कीड हजारो वर्षे एकत्र वाढल्याने वेलींच्या मुळांना तिचा डंख सोसण्याची सवय झालेली होती. युरोपच्या द्राक्षवेलीचा तिच्याशी कधीच संबंध आला नव्हता. कीड मुळांतील रस शोषते, जखमांतून बुरशी आत शिरते, मुळे कुजतात आणि काही वर्षांत वेल मरते.

शिडाच्या जहाजांच्या काळात अटलांटिक ओलांडायला इतके दिवस लागत की रोपांवरील कीड वाटेतच मरून जाई. वाफेच्या जहाजांनी प्रवास तेवढा लहान केला की कीड जिवंत उतरू लागली. तंत्रज्ञानाने माणसांना जवळ आणले, त्याच वेगाने परजीवींनाही आणले.

११/
१८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या परिसरात वेली अकारण वाळू लागल्या. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या, तर मुळांवर काहीच सापडत नसे.

जुलै १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूल-एमील प्लांशों आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेलींऐवजी त्यांच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या वेली उपटल्या. त्यांची मुळे किडीने भरलेली होती. कीड मेलेल्या मुळावर थांबत नाही, ती जिवंत मुळाच्या शोधात पुढे सरकते. जेथे नुकसान दिसत होते, तेथे गुन्हेगार केव्हाच निघून गेलेला असे. इतकी वर्षे कारण सापडले नाही, ते यामुळे.

१२/
फ्रान्समध्ये १८७५ साली वाइनचे उत्पादन सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटर होते. १८८९ पर्यंत ते अडीच कोटींच्या आत आले. याचा अर्थ, चौदा वर्षांत जवळजवळ ७० टक्के घट. फ्रेंच सरकारने उपाय शोधणाऱ्यास आधी २०,००० आणि नंतर ३,००,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले.

उपायांचे प्रस्ताव शेकड्यांनी आले. त्यांतील मोजकेच कामाचे निघाले. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचणे, हा खर्चिक आणि धोक्याचा मार्ग. हिवाळ्यात बाग कित्येक आठवडे पाण्याखाली बुडवून कीड गुदमरवणे, हा सपाट जमिनीपुरता मार्ग. आणि तिसरा, वाळूत लागवड करणे.

१३/
हा तिसरा मार्ग या धाग्यासाठी महत्त्वाचा. चिकणमातीची जमीन वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून कीड एका वेलीच्या मुळांवरून दुसरीच्या मुळांवर जाते. सैल वाळूत भेग टिकतच नाही. कण घसरून वाट बुजते आणि किडीला पुढे सरकता येत नाही.

हे ध्यानात आल्यावर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, एग-मॉर्तजवळच्या वाळवंटवजा पट्ट्यात, मिठागरे चालवणाऱ्या कंपनीने मुद्दाम द्राक्षबागा उभारल्या. फ्रान्सला जे नव्याने शिकावे लागले, ते कोलारेसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालू होते, अर्थात वेगळ्याच कारणाने.

१४/
सगळ्या युरोपाला पुरेल असा उपाय मात्र वेगळाच निघाला. वर युरोपची वेल आणि खाली अमेरिकन वेलीचा खुंट, असे कलम. मिसुरीचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलंटाइन रायली आणि टेक्सासचा द्राक्षतज्ज्ञ थॉमस व्होल्नी मन्सन यांचे या कामात मोठे साहाय्य झाले. मन्सनला १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने कृषिसेवेसाठी सन्मानित केले.

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष बागायतदारांच्या तोंडी असलेला ‘डॉगरिज’ हा खुंट याच मन्सनने टेक्सासच्या बेल काउंटीतील रानवेलींतून निवडलेला. आपल्याकडे तो आला तो क्षारयुक्त जमीन आणि पाण्याच्या टंचाईवर उपाय म्हणून. पण स्वतःच्या मुळावर नव्हे तर परक्या खुंटावर द्राक्षवेल वाढवण्याची रीत जगभर रूढ झाली ती फायलॉक्सेरामुळे.

१५/
पोर्तुगालमध्ये कीड १८६० च्या दशकात दोरू खोऱ्यात पोहोचली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर पसरली. दोरूच्या डोंगरउतारांवरील कित्येक पायऱ्यांची शेते ओसाड पडली, ती पुन्हा कधीच लागवडीखाली आली नाहीत.

कोलारेसच्या वाळूतील वेली मात्र तशाच राहिल्या. येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. मुळे जर खाली चिकणमातीत आहेत, तर कीड तेथे का पोहोचली नाही? उत्तर असे की चिकणमातीपर्यंत जाण्यासाठी आधी वाळूचा जाड थर ओलांडावा लागतो आणि तोच तिला ओलांडता येत नाही. वरची वाळू ही खालच्या मुळांची तटबंदी ठरली. मराठीत ‘पुरून उरणे’ असा वाक्प्रचार आहे. या वेली तो शब्दशः जगल्या.

१६/
येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण लोकप्रिय लेखनात तो पुसला जातो. ‘कोलारेसची वेल फायलॉक्सेराला प्रतिकार करते’ असे वाक्य अनेकदा वाचायला मिळते. ते चुकीचे आहे. रामिश्कू आणि मालव्हाझिया या जाती युरोपातील इतर कोणत्याही जातीइतक्याच दुबळ्या आहेत. त्याच गावातील कठीण जमिनीवर त्या लावल्या, तर त्यांना कोणतेच संरक्षण नाही.

प्रतिकार वेलीचा नव्हता, जागेचा होता. म्हणूनच ही वेल उचलून दुसरीकडे नेऊन वाचवता येत नाही. जागा गेली की कलमाविना वाढणारी वेलही गेली. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली या एका वस्तुस्थितीत आहे.

१७/
इतरांच्या बागा मरत असताना कोलारेसकडे विकण्याजोगी वाइन होती. त्यातच वाहतूक सुधारली. १८८७ मध्ये लिस्बन ते सिंत्रा रेल्वे सुरू झाली. १९०४ मध्ये सिंत्राहून कोलारेसमार्गे समुद्रकिनाऱ्यापर्यंत विजेवरची ट्राम धावू लागली. तिचे शेवटचे स्थानक प्राया दास मासांश, अर्थात ‘सफरचंदांचा किनारा’.

राजघराणे आणि लिस्बनचा धनिक वर्ग उन्हाळ्यात सिंत्राला येत असे. कोलारेसची वाइन त्यांच्या पंक्तीची वाइन झाली. ट्रामने बाटल्या शहराकडे जात आणि शहरातील माणसे किनाऱ्याकडे येत. त्या वेळी दोन्ही गोष्टी गावाच्या लाभाच्या वाटत होत्या.

१८/
जेथे कीर्ती, तेथे नक्कल. कोठलीही वाइन ‘कोलारेस’ म्हणून विकली जाण्याचा धोका होता. पोर्तुगालला यावरील उपाय जुना ठाऊक होता. मार्केश द पोंबाल याच्या काळात, १७५६ मध्ये, दोरूच्या पोर्ट वाइनसाठी प्रदेशाच्या सीमा कायद्याने आखल्या गेल्या होत्या. १९०८ मध्ये कोलारेसलाही असा सीमांकित प्रदेशाचा दर्जा मिळाला.

या दर्जाचे वैशिष्ट्य असे की तो केवळ गावाच्या हद्दीशी नव्हे, तर वाळूशी जोडला गेला. कोलारेस हे नाव लावायचे, तर द्राक्षे वाळूच्या जमिनीतलीच हवीत. इतिहासात जागेची ओळख इतक्या काटेकोरपणे मातीच्या पोताशी बांधल्याची उदाहरणे फार नाहीत.

१९/
१९३१ मध्ये ‘आदेगा रेजिओनाल द कोलारेस’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. लवकरच सालाझारची राजवट आली. प्रत्येक व्यवसाय राज्याने घालून दिलेल्या संघटनेत बांधावा, हे तिचे धोरण होते. त्यानुसार कोलारेसची वाइन तयार करण्याचे काम पुढील कित्येक दशके या सहकारी तळघराच्याच हाती राहिले. व्यापारी घराणी तेथून वाइन घेत, आपल्या गोदामात मुरवत आणि आपल्या नावाने विकत.

या व्यवस्थेने भेसळ रोखली आणि लहान शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक दिले. पण सगळ्यांची द्राक्षे एकत्र येत असल्याने एकेका बागेची ओळख पुसली गेली. आपल्या बागेत अधिक कष्ट घेऊन अधिक चांगले फळ काढणाऱ्यास वेगळे नाव मिळण्याचा मार्ग उरला नाही.

२०/
आता या कथेतील विरोधाभासाकडे येऊ. फायलॉक्सेरावर कलमाचा उपाय सापडेपर्यंत वाळू ही कोलारेसची संपत्ती होती. तो उपाय युरोपभर रूढ झाल्यावर इतर प्रदेशांना स्वस्तात, यंत्राने, कोणत्याही जमिनीत द्राक्षे पिकवता येऊ लागली. कोलारेसला मात्र तेच खोल चर, तेच कूड, तेच टेकू.

म्हणजे संकट असताना जी गोष्ट कवच होती, तीच संकट टळल्यावर ओझे झाली. वाळूतील वेलींचे उत्पन्नही कमीच. अशी वाइन टिकायची, तर तिला खर्चाच्या प्रमाणात भाव मिळायला हवा होता. एकत्रित मालाच्या व्यवस्थेत तो मिळणे अवघड होते.

२१/
त्यानंतर मजूर गेले. १९६१ हे वर्ष आपल्याकडे गोवा मुक्तीचे म्हणून स्मरले जाते. पोर्तुगालसाठी ते अंगोलातील युद्धाच्या आरंभाचेही वर्ष आहे. त्यापाठोपाठ गिनी आणि मोझांबिक येथेही युद्ध पेटले. १९७४ पर्यंत तरुणांच्या पिढ्या सक्तीने सैन्यात धाडल्या गेल्या. त्याच दशकात दारिद्र्य आणि ही सक्तभरती टाळण्यासाठी लाखो पोर्तुगीज फ्रान्सकडे निघून गेले. शिवाय लिस्बनच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर रोज अधिक मजुरी मिळत होती.

वाळूत खोल उतरून, डोक्यावर टोपली घेऊन काम करण्यास कोण राहणार? जुन्या वेली म्हाताऱ्या होत गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या लावण्याचे काम मंदावत गेले.

२२/
आणि मग जमिनीचा भाव. द्राक्षासाठी योग्य असलेली जागा, म्हणजे समुद्र दिसणारी, वाळूची, लिस्बनपासून तासाभराच्या आतली जागा, हीच सुटीच्या घरासाठीही सर्वोत्तम. ज्या ट्रामने कोलारेसला गिऱ्हाईक मिळवून दिले, तिच्याच वाटेने पुढे बंगल्यांचे खरेदीदार आले. आज सिंत्रा ही लोकसंख्येने पोर्तुगालमधील दुसऱ्या क्रमांकाची नगरपालिका आहे.

हे केवळ कोलारेसचे दुःख नाही. १९०८ मध्येच सीमांकित झालेला शेजारचा कारकाव्हेलुश हा प्रदेश इश्तोरीलकडे जाणाऱ्या किनारी उपनगरांनी जवळजवळ गिळला. तेथे आज जे मोजके उरले आहे, त्यात ओएराश नगरपालिकेने सरकारी कृषिकेंद्राच्या साहाय्याने पुन्हा उभी केलेली बाग मुख्य. कोलारेसचा शेकडो हेक्टरांचा विस्तारही आक्रसून काही डझन हेक्टरांच्या घरात आला.

२३/
या ऱ्हासात कोणी खलनायक शोधू नये असे मला वाटते. वृद्ध शेतकऱ्यापुढे हिशेब साधा होता. बाग ठेवावी, तर दरवर्षी कष्ट आणि तुटपुंजे उत्पन्न. प्लॉट पाडून विकावी, तर मुलांची घरे उभी राहतील. त्याने विकली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार त्या वाइनचे गोडवे गाणाऱ्या शहरी रसिकाला खचितच नाही. त्या रसिकाने योग्य दाम मोजला असता, तर कदाचित विक्री झालीही नसती.

दोष शोधायचाच, तर तो संरक्षणाच्या कल्पनेत आहे. १९०८ च्या कायद्याने कोलारेस हे नाव कोणी लावावे हे ठरवले. ज्या वाळूवर ते नाव उभे होते, त्या वाळूचे पुढे काय व्हावे, हे नावाच्या संरक्षणातून ठरत नव्हते. जमिनीचा प्रश्न निसर्ग उद्यान आणि जागतिक वारसा यांच्या रूपाने हाती घेतला गेला, तो फार पुढे. सिंत्राच्या सांस्कृतिक भूदृश्याला युनेस्कोचा दर्जा १९९५ मध्ये मिळाला.

२४/
सुदैवाने कथा येथे संपत नाही. सहकारी तळघर आजही चालू आहे. १८०८ मध्ये स्थापन झालेले व्हियूव्हा गोमिश हे घराणे अजून कोलारेसच्या बाटल्या काढते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘फुंदासांव ओरियेंत’ या संस्थेने येथे द्राक्षबाग घेतली. पणजीच्या फोंतेन्यासमधील या संस्थेची वास्तू अनेकांनी पाहिली असेल. १९८८ मध्ये मकाऊच्या जुगारगृहांच्या मक्त्यातून आलेल्या निधीवर ती उभी राहिली. साम्राज्याच्या एका शेवटच्या तुकड्यातील पैसा सिंत्राच्या पायथ्याच्या वाळूत परतावा, यात इतिहासाची एक विचित्र संगती आहे.

अलीकडे काही तरुण उत्पादक पुन्हा वाळूत चर खणू लागले आहेत. आता यंत्राची मदत मिळते, आणि एकेका बागेची वाइन स्वतंत्र नावाने काढता येते. मालव्हाझियाला जाणकारांकडून बरा भावही येतो. क्षेत्र अजून थोडेच आहे, पण घसरण थांबल्याची चिन्हे दिसतात.

२५/
शेवटी आपल्या किनाऱ्याविषयी थोडे. आंब्याला कलम करण्याची कला गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात रुजली आणि तिच्यातूनच हापूस जन्मला. कोकणात आजही हापूसच्या झाडाला नुसते ‘कलम’ म्हणतात. ज्यांनी येथे कलम आणले, त्यांच्याच देशात एक वेल कलमाविना टिकली, हा योगायोग मनोरंजक आहे.

परंतु साम्य पुढे आहे. २०१८ मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हापूस हे नाव कोणी लावावे, हे आता कायद्याने ठरते. कोलारेसला हीच गोष्ट ११० वर्षे आधी मिळाली होती. तरीही तेथील बागा गेल्या, कारण समुद्र दिसणाऱ्या जमिनीला फळापेक्षा घराचा भाव अधिक आला आणि बाग राखणारे हात कमी झाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीचे व्यवहार कोणत्या दिशेने चालले आहेत, हे वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

कोलारेसचा इतिहास इतकेच दाखवतो की बाहेरून आलेल्या किडीपासून वाळूने वेल राखली, पण वाळू राखण्याची तजवीज वेळेवर कोणी केली नाही. मानांकनाच्या कागदासोबत जमिनीची आणि बाग कसणाऱ्या माणसाच्या उत्पन्नाची तजवीज झाली, तरच त्या नावामागे प्रत्यक्ष बाग उरते.

धागा समाप्त. द्राक्ष किंवा आंबा बागायतदार कुटुंबांतील वाचकांनी खुंट, कलम आणि जमीनविक्रीविषयीचे आपले अनुभव खाली अवश्य लिहावेत.